नॉर्दर्न केप: सगळ्यात मोठा प्रांत, सगळ्यात कमी माणसं

गेल्या अंकात आपण दक्षिण आफ्रिकेच्या नऊ प्रांतांचा नकाशा छापला होता, आणि खाली एक ओळ होती की वायव्येकडचा नॉर्दर्न केप हा आकाराने पहिला आणि लोकसंख्येत शेवटचा. त्या एका ओळीवर भरपूर पत्रं आणि मेसेज आले, त्यामुळे यावेळचं सगळं सदर त्याच प्रांताला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

प्रश्न: ताई, एवढा मोठा प्रांत आणि माणसंच नाहीत असं कसं? सगळं वाळवंट आहे का तिथे?

सगळं वाळवंट नाहीये, पण पाणी कमी आहे हे खरं. आधी आकडे बघा. क्षेत्रफळ ३,७२,८८९ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या देशाचा ३० टक्क्यांहून जास्त भाग, जर्मनीपेक्षाही मोठा. आणि २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण १३ लाख ५६ हजार. चौरस किलोमीटरला चार माणसंसुद्धा येत नाहीत.

कारण समुद्रात आहे. पश्चिम किनाऱ्याला लागून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, त्याच्यावरून येणारी हवा थंड असते, ती वर उठत नाही, मग धुकं भरपूर पडतं पण पाऊस पडत नाही. पोर्ट नॉलथसारख्या किनाऱ्यावरच्या गावात सकाळी समोरचं दिसत नाही आणि वर्षभराचा पाऊस मात्र नावापुरता. उलट बाजूने म्हणजे हिंदी महासागराकडून येणारे ढग इथपर्यंत पोचेपर्यंत बरेच रिकामे झालेले असतात. त्यामुळे पूर्वेला किम्बर्लीकडे वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही उन्हाळ्यात गडगडाटासह, आणि पश्चिमेकडे सरकाल तसा तो कमी होत जातो आणि मग किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात तो चक्क हिवाळ्यात पडायला लागतो.

उत्तरेला कालाहारी, लाल वाळूच्या टेकड्या पण त्यावर गवत आणि काटेरी झाडं. दक्षिणेला कारू, खुरट्या झुडपांचं दगडी माळरान, तिथे मेंढ्या. पश्चिमेला नामाक्वालँड. अपिंग्टनला उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि त्याच प्रांतातल्या सदरलँडला हिवाळ्यात बर्फ पडतो. अंतरं अशी की राजधानी किम्बर्लीहून पश्चिमेच्या स्प्रिंगबॉकला जायचं तर साधारण ८०० किलोमीटर, सरकारी काम असलं तरी तेवढंच.

आणि हा प्रांत तसा नवीन आहे. १९९४ मध्ये वर्णभेदाची राजवट संपली तेव्हा जुन्या अवाढव्य केप प्रांताचे वेस्टर्न, ईस्टर्न आणि नॉर्दर्न असे तुकडे झाले (थोडा भाग नॉर्थ वेस्टला गेला), त्यातला कोरडा आणि मोकळा भाग याच्या वाट्याला आला.

प्रश्न: नकाशात एकच मोठी नदी दिसते. शेती त्या एका नदीवरच चालते का?

बऱ्यापैकी हो. ऑरेंज नदी. उगम लेसोथोच्या डोंगरात, डग्लस गावाजवळ तिला वाल नदी मिळते, आणि तिथून ती या कोरड्या मुलखातून पश्चिमेला अटलांटिकपर्यंत जाते, शेवटचा बराच मोठा पल्ला नामिबियाच्या हद्दीवरून. वर व्हँडरक्लूफ धरण आहे, १९७७ चं, त्याची १०८ मीटरची भिंत देशात सगळ्यात उंच. खाली ऑग्राबीसला नदी ग्रॅनाइटच्या घळीत ५६ मीटर खाली कोसळते. पुरातही ती तितकीच जबरदस्त असते, १९८८ आणि २०११ च्या पुरांनी काठच्या द्राक्षबागांचं मोठं नुकसान केलं होतं.

अपिंग्टन, कायमूस, काकामास या पट्ट्यात नदीच्या दोन्ही बाजूंना कालवे काढलेत, आणि कालव्याच्या अलीकडे हिरवीगार द्राक्षं तर पलीकडे एका पावलावर उघडा दगड, मध्ये काही नाहीच. इथे पाणी वळवायची सुरुवात कोणी केली हे मला आवर्जून सांगायचंय. अपिंग्टनला चर्चने आणि मिशनरी श्रॉडर यांनी कालवा बांधला हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण नदीचं पाणी शेतात पहिल्यांदा आणलं ते अब्राहम सप्टेंबर या शेतकऱ्याने असं मानलं जातं, आणि तो बास्टर समाजाचा होता, म्हणजे युरोपीय आणि खोइखोइ (इथले मूळचे पशुपालक लोक) अशा मिश्र वंशाचा. पुढे १८९० च्या दशकात काकामासला डच रिफॉर्म्ड चर्चने दुष्काळात आणि गुरांच्या रोगात देशोधडीला लागलेल्या गोऱ्या कुटुंबांसाठी वसाहत काढली, कालवे हाताने खणले गेले, आणि कालव्यातलं पाणी वरच्या वाफ्यात चढवायला लावलेली लाकडी रहाटं अजून तिथे बघायला मिळतात.

आता द्राक्षांचं. इथली टेबल द्राक्षं, म्हणजे ताजी खायची, लवकर तयार होतात, नोव्हेंबरपासूनच तोडणी, त्यामुळे ख्रिसमसच्या आसपास युरोपच्या बाजारात माल पोचतो आणि त्या आधी पोचण्यालाच भाव असतो. दुसरं म्हणजे बेदाणे, देशातले बहुतेक बेदाणे याच पट्ट्यातले. घड सिमेंटच्या ओट्यांवर किंवा तारेच्या रॅकवर पसरतात आणि उरलेलं काम ऊन करतं. साधा तपकिरी बेदाणा हवा असेल तर द्राक्षं तशीच वाळवतात, सोनेरी हवा असेल तर आधी क्षाराच्या द्रावणात बुडवून काढतात, सालीवर बारीक चिरा पडतात, ओल पटकन निघते, मग गंधकाची धुरी देतात म्हणजे रंग टिकतो. हवा कोरडी असल्यामुळे बुरशीचा त्रास फार कमी.

पण बागा मालकीच्या थोड्या कुटुंबांच्या आणि कंपन्यांच्या, आणि तोडणीला येणारी माणसं सीझनपुरती. तीन-चार महिने काम, नंतर काय हा प्रश्न दरवर्षी तोच.

याशिवाय पूर्वेला वालहार्ट्स नावाची मोठी सिंचन योजना आहे, १९३० च्या मंदीच्या काळात बेकार गोऱ्यांना काम द्यायला सुरू केलेली. आणि दक्षिणेकडे न्यूवूटव्हिलच्या बाजूला रॉइबॉस, ते लाल रंगाचं चहासारखं पेय हल्ली आपल्याकडेही सुपरमार्केटमध्ये दिसतं ना, ते.

प्रश्न: मी अकरावीत आहे. किम्बर्लीचा खड्डा माणसांनी हाताने खणला असं वाचलं, खरंच का? आणि त्यातून निघालेले पैसे कोणाला मिळाले?

तुझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, पण क्रमाने जाऊया.

१८६७ च्या सुमाराला होपटाउनजवळ नदीकाठच्या एका शेतावर १५ वर्षांच्या इरास्मस जेकब्सला एक चमकणारा दगड मिळाला, तो २१.२५ कॅरेटचा हिरा निघाला, त्याचं नाव पुढे युरेका पडलं. दोन वर्षांनी एका ग्रिक्वा (हाही इथला एक मिश्र वंशाचा समाज) मेंढपाळाला ८३.५ कॅरेटचा हिरा सापडला, तो त्याने ५०० मेंढ्या, १० बैल आणि एका घोड्याच्या बदल्यात विकला. मेंढपाळासाठी ती संपत्तीच होती, पण घेणाऱ्याने तो लगेच कितीतरी पटीने विकला.

मग १८७१ मध्ये आजच्या किम्बर्लीतल्या कोल्सबर्ग कोप्ये नावाच्या छोट्या टेकडीवर हिरे लागले आणि हजारो लोक धावले. टेकडी संपली, तरी खाली खणत राहिले. जागा साधारण ३१ फूट बाय ३१ फुटाच्या चौकोनांत वाटलेली, प्रत्येकजण आपला चौकोन खणणार, शेजाऱ्याचा खोल गेला की तुझा ढासळणार. वर कडेपासून खाली तळापर्यंत शेकडो तारा ताणलेल्या आणि त्यावरून मातीच्या बादल्या वर. १९१४ मध्ये काम थांबलं तोवर २ कोटी २५ लाख टन माती-दगड बाहेर काढून झाले होते आणि त्यातून २,७२० किलो हिरे. हाताने खणलेला भाग साधारण २४० मीटर खोल, त्याखाली यंत्रांनी शाफ्ट. आज तळाला हिरवट पाणी साचलंय. म्हणजे हो, हाताने, पिक आणि फावड्याने.

आता कोणाला मिळाले. जमीन कोणाची यावर भांडण लागलं, ग्रिक्वा प्रमुख निकोलास वॉटरबूर म्हणाला आमची, शेजारची दोन बोअर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची) प्रजासत्ताकं म्हणाली आमची. लवादाचा निकाल १८७१ मध्ये वॉटरबूरच्या बाजूने लागला, त्याने ब्रिटिशांचं संरक्षण मागितलेलं होतं, आणि ब्रिटिशांनी तो मुलूख त्याच वर्षी ग्रिक्वालँड वेस्ट म्हणून ताब्यात घेतला. बोअर ऑरेंज फ्री स्टेटला नंतर ९०,००० पौंड भरपाई मिळाली. ग्रिक्वांच्या हातातून काही वर्षांत जमिनीच निघून गेल्या. निकाल ज्यांच्या बाजूने लागला तेच भूमिहीन झाले, हे मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला राग येतो.

खाणीत पाणी भरायला लागलं, कडा कोसळायला लागल्या, तेव्हा छोट्या माणसाला परवडेना, चौकोन विकले गेले आणि कंपन्या मोठ्या होत गेल्या. पाणी उपसायच्या पंपांचं कंत्राट घेणारा एक तरुण होता सेसिल ऱ्होड्स. १८८८ मध्ये त्याने डी बिअर्स कन्सॉलिडेटेड काढली आणि प्रतिस्पर्धी बार्नी बार्नाटोची कंपनी गिळली, त्या व्यवहाराचा ५३,३८,६५० पौंडांचा चेक १८८९ चा आहे. मग हिरे किती काढायचे आणि बाजारात किती सोडायचे हे एकाच कंपनीच्या हातात गेलं.

आणि प्रत्यक्ष खणणारे काळे मजूर? १८८० च्या दशकापासून त्यांना बंद कंपाउंडमध्ये ठेवायला लागले. कॉन्ट्रॅक्टचे महिने संपेपर्यंत बाहेर जायचं नाही, खाणीतून खोलीत, खोलीतून खाणीत, वरती जाळी, म्हणजे कोणी हिरा कुंपणापलीकडे फेकू नये, आणि सुटायच्या आधी बरेच दिवस कोंडून झडती. पुढे देशभर सोन्याच्या खाणींनी मजूर ठेवायची जी पद्धत वापरली ती इथेच घडली. त्याच किम्बर्लीत १८८२ मध्ये रस्त्यावर विजेचे दिवे लागले होते, दक्षिण गोलार्धात पहिल्यांदा.

एक नाव वहीत लिहून ठेव, सोल प्लाकी. किम्बर्लीत पोस्टात नोकरीला लागला, अनेक भाषा शिकला, वर्तमानपत्र काढलं, १९१२ मध्ये आजच्या एएनसीची (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, मंडेलांचा पक्ष) मूळ संघटना स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला सरचिटणीस झाला, आणि १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्यांना जमिनीवरून कसं हाकललं हे सायकलवर गावोगाव फिरून लिहून काढलं. २०१४ मध्ये प्रांताला पहिलं स्वतःचं विद्यापीठ मिळालं, ते किम्बर्लीतच आणि त्याच्याच नावाने.

प्रश्न: हिरे संपले म्हणता, मग आता प्रांत कशावर चालतो?

खाणींवरच, फक्त आता लोखंड, मँगनीज आणि जस्त. काथूजवळची सिशेनची उघडी खाण सुमारे १४ किलोमीटर लांब आहे. तिथलं लोहखनिज नेण्यासाठी १९७६ मध्ये ८६१ किलोमीटरची खास रेल्वे टाकली, थेट वेस्टर्न केपमधल्या सल्डान्हा बंदरापर्यंत. एका गाडीला ३४२ वाघिणी, लांबी जवळपास ४ किलोमीटर, फाटकावर थांबलात तर इंजिन नजरेआड गेल्यावरही वाघिणी येतच राहतात.

हॉटझेल आणि ब्लॅक रॉकच्या खाली मँगनीज आहे, जगातल्या जमिनीवरच्या माहीत असलेल्या साठ्यांपैकी मोठा हिस्सा या एका भागात, आणि स्टील बनवायला मँगनीज लागतंच. पश्चिमेला अग्गेनेसजवळ गॅम्सबर्गची जस्ताची खाण २०१९ मध्ये सुरू झाली, ती वेदांताची, म्हणजे आपल्याकडच्या अनिल अग्रवालांच्या ग्रुपची.

एवढं असून देशाच्या जीडीपीत या प्रांताचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास. खनिज बरंचसं कच्चंच बाहेर जातं, गाळणं, ओतणं, वस्तू बनवणं हे जास्त पैशाचं काम दुसरीकडे, बऱ्याचदा चीनमध्ये. बंदरही दुसऱ्या प्रांतात. खाणीत माणसांपेक्षा मशीन जास्त. म्हणून काथूत चकाचक मॉल आणि त्याच्यापासून गाडीने फार लांब नाही अशा वस्त्यांमध्ये पाण्याच्या टँकरची वाट बघणारी माणसं असं दृश्य दिसतं. किम्बर्लीत डी बिअर्सने खाणी विकून टाकल्या, आणि जुन्या टाकाऊ मातीच्या ढिगांत चाळण घेऊन हिरे शोधणारे शेकडो लोक आहेत, त्यांना झामा झामा म्हणतात. २०१८ मध्ये त्यातल्या बऱ्याच जणांना कायदेशीर परवाना आणि जागा मिळाली, हा चांगला निर्णय होता असं मला वाटतं.

प्रश्न: मी डॉक्टर आहे. ‘नॉर्थ वेस्टर्न केप’ हे नाव कॅन्सरच्या संदर्भात शिकताना ऐकलं होतं. तो हाच भाग का?

हाच, डॉक्टर. आणि याबद्दल सविस्तर लिहायची संधी दिलीत म्हणून आभार, कारण पर्यटनाच्या माहितीत हे कधी येत नाही.

प्रिस्का ते कुरुमान या डोंगररांगांत निळा ॲस्बेस्टॉस मिळायचा, क्रोसिडोलाइट. खाणी छोट्या छोट्या, पसरलेल्या. पुरुष दगड काढायचे आणि बायका मुलांना घेऊन बाहेर बसून हातोडीने दगड फोडून तंतू वेगळे करायच्या, तान्ही पोरं शेजारी त्याच धुळीत. उरलेला चुरा रस्त्यावर टाकला जायचा, घरांच्या भिंतीत जायचा, शाळेच्या मैदानावरही. पोरं त्या ढिगांवर घसरगुंडी खेळायची.

१९५० च्या दशकात किम्बर्लीच्या टीबी हॉस्पिटलात डॉ. स्लेग्ज यांना दिसलं की छातीत पाणी झालेले काही पेशंट टीबीच्या औषधांनी बरे होत नाहीत, आणि ते शहराच्या पश्चिमेकडून येतात. पॅथॉलॉजिस्ट ख्रिस्तोफर वॅगनर यांनी मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतालच्या आवरणाचा कॅन्सर, ओळखला, जो तोपर्यंत अतिशय दुर्मिळ समजला जायचा. मग एकेका पेशंटला विचारत गेले, कुठे राहिलात, लहानपणी कुठे होतात. १९६० मध्ये वॅगनर, स्लेग्ज आणि मार्चंड यांचा ३३ रुग्णांचा पेपर आला, आणि जवळजवळ सगळ्यांचा संबंध ॲस्बेस्टॉसशी निघाला. त्यातले कितीतरी जण खाणीत कधी उतरलेलेच नव्हते, फक्त त्या भागात राहिले होते किंवा तिथे लहानाचे मोठे झाले होते. धूळ नाकात गेल्यापासून ३०-४० वर्षांनी आजार दिसतो.

तरी खाणी पुढे कित्येक वर्षं चालूच राहिल्या, हे सगळ्यात वाईट. यातल्या काही खाणी चालवणारी केप नावाची ब्रिटिश कंपनी पुढे देश सोडून गेली. हजारो आजारी माणसांनी आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी लंडनमध्ये दावा लावला, कंपनी म्हणाली केस दक्षिण आफ्रिकेतच चालवा, आणि २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सगळ्यात वरचं न्यायालय) सांगितलं की नाही, इथेच चालेल, कारण तिकडे या गरीब लोकांना वकील आणि खर्च परवडणार नाही. २००३ मध्ये तडजोडीने भरपाई मिळाली. दक्षिण आफ्रिकेत ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली २००८ मध्ये. जुने ढिगारे झाकायचं काम सरकारच्या खर्चाने, म्हणजे लोकांच्याच पैशाने.

प्रश्न: तिथले लोक कोणती भाषा बोलतात? झुलू का?

नाही, झुलू पूर्वेकडे. इथे निम्म्याहून जास्त लोकांची मातृभाषा आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून घडलेली इथली भाषा, आहे, आणि ऐका, गोरे लोक प्रांतात साधारण ७ टक्केच. म्हणजे आफ्रिकान्स बोलणारी बहुतेक माणसं गोरी नाहीतच, जनगणनेत ज्यांना कलर्ड म्हणतात त्या समाजातली आहेत, त्यांच्यात खोइखोइ, सान, गुलाम म्हणून आणलेले आशियाई आणि युरोपीय असे सगळे पूर्वज. त्याखालोखाल त्स्वाना, मुख्यतः कुरुमान आणि किम्बर्लीच्या बाजूला, साधारण एक तृतीयांश लोक. थोडे खोसा. वायव्य कोपऱ्यात नामा, म्हणजे खोइखोइंपैकीच एक समाज.

आणि सान लोक, इथले सगळ्यात जुने रहिवासी. त्यांच्या नुउ भाषेत प्रांताचं बोधवाक्य आहे, पण ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या म्हणून एकाच बाईंचं नाव घेतलं जातं, कत्रीना इसाऊ, जन्म १९३३, सगळे त्यांना औमा म्हणजे आजी म्हणतात. लहानपणी शेतमालक त्यांच्या भाषेला कुरूप म्हणायचे, म्हणून पुढच्या पिढ्यांनी मुलांशी आफ्रिकान्समध्येच बोलायला सुरुवात केली. औमांनी म्हातारपणी अपिंग्टनजवळ रोझडेलला घराशी वर्ग भरवला, जिभेचे वेगवेगळे टक टक आवाज पोरांकडून घोटून घेतले. २०१४ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ द बाओबाब हा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

जमिनीच्या बाबतीत अलीकडे काही निकाल लोकांच्या बाजूने लागलेत. १९९९ मध्ये कोमानी सान लोकांना कालाहारीतली जमीन परत मिळाली. रिख्टर्सफेल्डच्या नामा लोकांनी सरकारी हिरे कंपनी अलेक्सकोरविरुद्ध केस लढवली आणि २००३ मध्ये देशाच्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं की जमीन तर तुमची आहेच, खालच्या खनिजांवरही तुमचा हक्क आहे. वॉटरबूरच्या काळात हे झालं असतं तर काय झालं असतं, असा विचार येतोच.

प्रश्न: तिथे फक्त गोऱ्यांचं गाव आहे म्हणतात, खरं?

ओरानिया. हो. ऑरेंज नदीच्या काठी धरणाच्या कामगारांसाठी बांधलेली जुनी कॉलनी १९९० सालाच्या शेवटी काही आफ्रिकानर (आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या) कुटुंबांनी विकत घेतली, आधी तिथे राहणाऱ्या कलर्ड कुटुंबांना बाहेर काढलं गेलं. काही हजार वस्ती, स्वतःची ओरा नावाची कूपनं. १९९५ मध्ये मंडेला तिथे जाऊन वर्णभेदाचा शिल्पकार फरवूर्ट याच्या म्हाताऱ्या विधवेला भेटले, चहा घेतला. बातम्यांत या गावाला त्याच्या आकाराच्या मानाने फारच जागा मिळते, म्हणून मी इथेच थांबते.

प्रश्न: वाळवंटात फुलांचे गालिचे येतात ते फोटो खरे असतात का? कधी जायचं?

खरे असतात. हिवाळी पाऊस चांगला झाला तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नामाक्वालँड केशरी, पिवळं, पांढरं होतं. दोन टिप्स. फुलं सकाळी उशिरा उघडतात, साधारण ११ ते ३, आणि ढगाळ दिवशी उघडतच नाहीत, त्यामुळे पहाटे उठून काही उपयोग नाही. दुसरं, फुलं सूर्याकडे तोंड करतात, म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशा दिशेने गाडी चालवा, उलट गेलात तर सगळ्या फुलांची पाठच दिसेल. आणि कृपा करून रस्त्यावर कोणी छोटी गोंडस रसाळ रोपं विकत असेल तर घेऊ नका, परदेशी शौकिनांसाठी ती डोंगरातून उपटून चोरून नेतात आणि काही जाती त्यामुळे संपायला आल्यात.

प्रश्न: माझ्या मुलाला अपिंग्टनजवळच्या सोलर प्रकल्पात इंजिनिअरची ऑफर आहे. कोणी ओळखीचं नाही. पाठवावं का? तिथे खरंच एवढं काम आहे का?

काम आहे. ऊन जगातल्या सगळ्यात चांगल्या ठिकाणांपैकी, जमीन मोकळी, आणि २०११ पासून सरकारने खासगी कंपन्यांकडून वीज घ्यायला सुरुवात केल्यापासून इथे प्रकल्पांची रांग लागली. साध्या पॅनेलशिवाय आरशांचे प्रकल्पही आहेत, खी सोलर वनचा टॉवर २०० मीटरहून उंच, सभोवतालचे हजारो आरसे त्याच्या टोकावर ऊन फेकतात आणि वाफ तयार होते. पोस्टमास्बर्गजवळच्या रेडस्टोनमध्ये वितळलेल्या मिठात उष्णता साठवून रात्री १२ तास वीज देता येते. अडचण वीज नेणाऱ्या लाइन्सची, ग्रिड भरलंय, त्यामुळे नवे प्रकल्प अडकतात. म्हणून मुलाला हे विचारायला सांगा की प्रकल्पाला ग्रिड कनेक्शन मिळालंय का, आणि नोकरी बांधकाम संपेपर्यंत आहे की पुढे चालवायलाही.

पगार रँडमध्ये ठरतोय का, घर कंपनी देणार का, वर्क व्हिसा कोण करणार, हे लेखी घ्या. गाडी लागेलच, आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, पण रात्री शक्यतो नको, कुडू हरणं अचानक रस्त्यावर उडी मारतात आणि ती वजनाला गायीएवढी असू शकतात. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्यायचं. विमानतळ गावातच आहे, धावपट्टी तब्बल ४,९०० मीटर, कारण वर्णभेदाच्या काळात इतर आफ्रिकी देश दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना वरून जाऊ देत नव्हते, मग उन्हात भरलेलं जम्बो विमान थेट युरोपला उडवायला एवढी लांबी लागायची. आता तिथून रोज थोडीच विमानं सुटतात, तिकीट आधी काढायला सांगा.

आणि त्याला आकाशाची आवड असेल तर सुट्टीत सदरलँडला जाऊ दे. तिथे सॉल्ट ही मोठी दुर्बीण आहे, २००५ पासून, ९१ षटकोनी आरशांची, पुण्याची आयुका तिच्यात भागीदार आहे. कार्नार्वॉनजवळ मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीच्या ६४ डिश आहेत, त्यांच्यात भर घालून एकूण १९७ डिशची एसकेए ही आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण उभी राहतेय, भारतही त्यात सदस्य. तिथल्या मोठ्या पट्ट्यात रेडिओ शांतता राखायला कायदा केलाय, मोबाइल आणि वाय-फायवर बंधनं, आणि त्यासाठी मेंढ्यांची बरीच कुरणं विकत घेतली गेली तेव्हा लोकर कातरणाऱ्यांची कामं गेली म्हणून गावात नाराजी आहे, तीही समजून घ्यावी.

भाषेचं म्हणाल तर ऑफिसात इंग्रजी चालेल. पण दुकानात, दवाखान्यात, साइटवरच्या माणसांत आफ्रिकान्स, त्यामुळे रोजच्या वापरातली वाक्यं जायच्या आधी शिकली तर पहिला महिना सोपा जाईल, आणि नोव्हेंबर ते मार्च दुपारी १२ ते ४ बाहेरचं काम टाळता येतं का हे पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विचारावं.